आत्याच्या पट्टीतलं गाणं

गळ्यातली गाठ काढायला आत्याला तंजावरच्या इस्पितळात नेलं तेव्हा मी शाळेत होते. काही दिवसांनी ती घरी आली, आणि तिच्या तोंडून दुसरंच कोणी बोलू लागलं. आवाज खाली उतरला होता. जड, थोडा खरखरीत, पहाटे उठल्या उठल्या माणूस बोलतो तसा. अशा ऑपरेशनमध्ये कधीकधी असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बरं व्हायला वेळ लागेल, म्हणाले होते. वेळ गेला. आवाज होता तिथेच राहिला.

दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर फार बिघडलं नसतं. पण आत्या गाणारी होती. आमच्या कुंभकोणमपासून बसने थोड्याच अंतरावर गोविंदपुरम् आहे, तिथे विठ्ठल-रुखुमाईच्या देवळात भजनं चालतात. बायकांच्या ओळीत आत्या बसायची आणि तिचा स्वर सगळ्यांच्या वर, पतंगासारखा स्थिर उभा राहायचा. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो स्वर तिच्या पोटातून ऐकलेला आहे. ऑपरेशननंतर ती देवळात जायची ती नुसते टाळ वाजवायला. मग टाळही शेजारणीकडे दिले. पुढे जाणंच थांबलं. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, घरी येऊन स्वयंपाक करायची, आणि गुणगुणायची नाही.

घरात आम्ही तिघंच. माझी आई मी फार लहान असताना गेली, तेव्हा अप्पांची ही बहीण आमच्याकडे राहायला आली आणि तिनेच मला वाढवलं. घरात आम्ही मराठी बोलायचो, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं मराठी म्हणजे तंजावरच्या सरफोजी राजांच्या वेळेला इकडे येऊन राहिलेलं मराठी. पुढे नोकरीसाठी मी पुण्याला गेले तेव्हा लोक म्हणायचे, तू काय बखरीतून उठून आलीस? आता लिहिते ही भाषा मी पुण्यात शिकले. आत्याचं आणि अप्पांचं बोलणं मात्र त्यांच्या तोंडी होतं तसंच ठेवते आहे.

मी कॉलेजात होते त्या वर्षी पोंगलनंतर आमच्या माडीवरच्या खोलीत एक परदेशी बाई राहायला आली. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडच्या एका थंड गावातली. जवळच्या स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओततात, तिथे ती मेणाचे साचे घडवायला शिकत होती. दुपारी परत आली की तिच्या हातांना मेणाचा आणि राळेचा वास यायचा. आत्या तिला कॉफी द्यायची. ती मोडक्या तमिळमध्ये ‘नन्ड्री’, म्हणजे आभार, म्हणायची, आणि मग दोघी ओट्यावर बसून समोरच्या घरातली बाई दारात कोलमची रांगोळी काढते ते बघत राहायच्या. बोलणं नाही. दोघींनाही त्याची अडचण वाटत नव्हती.

उन्हाळा वाढला तशी ती परत जायला निघाली. जाताना मच्छरदाणी, स्टोव्ह, दोन पातेली आणि एक कापडी पिशवी आमच्याकडे ठेवून गेली. पिशवीत गाण्यांच्या लहान तबकड्या होत्या, जेवणाच्या ताटापेक्षाही लहान.

‘‘तुमच्याकडे यंत्र आहे म्हणून देते,’’ ती मला इंग्रजीत म्हणाली. ‘‘माझ्याकडे नाही हे भावाला किती वेळा कळवलं, तरी तो पाठवत राहतो.’’

‘‘तुमचा भाऊ गातो?’’

‘‘छे. तो पोस्टमन आहे. गातात ते त्याचे मित्र. मोठ्या कंपन्या त्यांना उभं करत नाहीत, म्हणून त्याने स्वतःच कंपनी काढली. कंपनी म्हणजे त्याची निजायची खोली. पलंगाखाली सगळा माल.’’

ती गेल्यावर मी पिशवी जमिनीवर ओतली. अशा तबकड्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे होत्या त्या नादस्वराच्या आणि भजनांच्या, गुळगुळीत रंगीत वेष्टनातल्या, वर बुवांचा फोटो असलेल्या. ह्यांची वेष्टनं साध्या कागदाची, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलेली. एकावर बटाट्याचा ठसा उमटवून फुलं केली होती. एकावर कोणीतरी हातानं चहाची किटली काढली होती. एकावर मांजर होतं आणि त्याचे डोळे रंगीत खडूने रंगवले होते. खडू बोटाला लागला.

आत्या वाकून बघत होती. ‘‘हें छापखान्यांतलें नव्हे गे,’’ ती म्हणाली. ‘‘पोरींनीं बसून रंगवलेंय. बघ, रंग रेघेच्या बाहेर गेलाय.’’

मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे गाणं अमक्याच्या स्वयंपाकघरात, तो बाहेर गेलेला असताना ध्वनिमुद्रित केलं. मी ते तिला सांगितलं तर तिला हसू आलं. ‘‘आणि तो परत आला म्हणजे?’’

अप्पांचं रेकॉर्ड प्लेअर म्हणजे लाल झाकणाची एक पेटी. त्याचं गती बदलायचं बटण कधीचं गंजून एकाच जागी अडकलं होतं. आमच्या सगळ्या मोठ्या तबकड्या त्याच गतीवर वाजायच्या, म्हणून कोणी त्याकडे बघितलं नव्हतं. नव्या तबकड्यांवर गतीचा आकडा कुठे छापलेला नव्हता. लहान तबकडी जोरात फिरवावी लागते हे मला माहीत नव्हतं, अप्पांनाही नाही.

मांजराची तबकडी पहिल्यांदा लावली. सुई टेकली, थोडी खरखर झाली, आणि एक गिटार इतकी हळू वाजू लागली की प्रत्येक तारेचा थरकाप वेगळा ऐकू यावा. मागे कुठेतरी ढोलकासारखं काही लांबून लांबून पडत होतं. मग आवाज आला. जड, खाली, झोपेतून उठलेला. शब्द ओढून ओढून म्हणणारा. इंग्रजी असूनही मला एक शब्द लागेना.

दुपारची वेळ होती. परसातल्या नारळाच्या झावळीची सावली जमिनीवर हलत होती. आत्या सूप हातात घेऊन दारात उभी राहिली. तांदूळ निवडायचे राहिले.

‘‘हा मनुष्य नदींत गळ्यापर्यंत उभा राहून गातोय,’’ ती म्हणाली.

गाणं संपलं. ती तिथेच उभी होती.

‘‘पुन्हा लाव गे.’’

त्या उन्हाळ्यात आमच्या दुपारी अशाच गेल्या. बाहेर ऊन रस्त्यावर पांढरं होऊन पडलेलं, आत पंखा, आणि एकामागून एक ती संथ गाणी. किटलीच्या तबकडीवर एक तुतारी होती, ती हत्तीला जांभई यावी तशी वाजायची. फुलांच्या तबकडीवर कोणी खेळण्यातला पियानो वाजवत होतं, पण आमच्या यंत्रावर तो देवळातल्या लांबच्या घंटेसारखा ऐकू यायचा. मला वाटायचं, त्या थंड गावात सगळंच असं हळू चालत असेल. माणसं हळू चालत असतील, किटलीतून वाफ हळू निघत असेल, आणि पोस्टमन एका दारावरून दुसऱ्या दारावर जायला सगळी सकाळ घेत असेल. रेडिओवरची सिनेमाची गाणी मला त्यानंतर फार घाईची वाटू लागली.

आणि एके दिवशी आत्या गुणगुणली.

मी मान वर केली नाही. पुस्तकात बघत राहिले. मांजराच्या तबकडीवरच्या त्या माणसाचा स्वर जिथे होता, बरोबर तिथेच तिचा नवा आवाज होता. वर चढायचं नव्हतं, ताणायचं नव्हतं. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, एवढंच. कितीतरी वर्षांनी तिच्या गळ्यातून सूर निघत होता आणि मी पुस्तकाचं पानही उलटलं नाही.

मग नवरात्र आलं. सरस्वतीपूजेला आमच्याकडे पुस्तकं, आत्याचं शिवणयंत्र, आणि अप्पांचं रेकॉर्ड प्लेअर, सगळं पुसून पाटावर मांडायचं. अप्पांनी त्या वर्षी हौसेनं प्लेअर उघडलं, आत तेल सोडलं, कापसाने गंज काढला. दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावर ते मला म्हणाले, ‘‘बघ, बटण सुटलें.’’ आणि त्यांनी ते पुढच्या खाचेत सरकवून मांजराची तबकडी लावली.

गिटार झऱ्यासारखी धावत सुटली. ढोलक टप टप टप उड्या मारू लागला. आणि त्या माणसाच्या जागी एक मुलगी गाऊ लागली. कोवळी, थोडी बेसूर, पटापट बोलणारी, हसू दाबून गाणारी.

‘‘अरे!’’ अप्पा म्हणाले. ‘‘ही तर बाई!’’

माझे डोळे विस्फारले. आता शब्दन् शब्द कळत होता. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. मग आत्याकडे बघितलं.

ती झोपाळ्याच्या कडीला धरून उभी होती. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. ‘‘काय म्हणते ती?’’ तिने विचारलं.

‘‘बस चुकली म्हणते. पाऊस आहे, मोजे भिजले. आता चालत घरी जाईन आणि पाव भाजून खाईन.’’

‘‘एवढेंच?’’

‘‘एवढंच.’’

‘‘चांगलें आहे,’’ आत्या म्हणाली आणि आत गेली. चुलीपाशी भांड्यांचा आवाज आला. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं, पण काय करायचं ते कळत नव्हतं. तिचा तो सोबती, नदीत उभा राहणारा, मुळी नव्हताच.

कितीतरी दिवस ती गाणं लागलं की उठून परसात जायची. मी एकटीच तबकड्या ऐकत बसायचे, नेमक्या गतीवर. आता त्या वेगळ्याच झाल्या होत्या. तुतारीवाला चुकत होता आणि चुकल्यावर मागे कोणीतरी फिसकन हसत होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. कपडे वाळत घालण्यावर एक गाणं होतं. शेजाऱ्याच्या कुत्र्यावर एक होतं. जगात असंही गाणं असतं, ज्यात कोणी प्रेमासाठी मरत नाही आणि कोणाला मोठं व्हायचं नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला त्यांची ओढ लागली. पण आत्याशिवाय ऐकताना घरात कोणी जेवायचं राहून गेलंय असं वाटत राहायचं.

एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. दाराशी आले तर आतून तो जड, ओढलेला आवाज येत होता. बटण कोणीतरी मागे सरकवलं होतं. मी चपला हातात घेऊन ओट्यावरच थांबले. आत्या गात होती, आणि ह्या वेळी नुसतं गुणगुणत नव्हती. तिने शब्द घातले होते, आमच्या घरच्या मराठीतले.

पाणी आलें, पाणी गेलें, पायरी ओली राहिली गे...

आमच्याकडे धरणातून कावेरीला पाणी सोडतात, काही महिने नदी भरलेली असते, मग वाळू. त्यावरचं होतं ते. धुणं धुवायला गेलेल्या बाईच्या पायाला पायरीचा गारवा लागतो, बस, एवढंच. तिकडे ती मुलगी पाव भाजून खाते, इकडे ही पायरीवर पाय ठेवते.

मी आत गेले. ती दचकली नाही. ‘‘तिचें गाणें धांवतें,’’ ती म्हणाली. ‘‘मज धांवतां येत नाही. म्हणून मी थांबवून घेतलें.’’

‘‘आत्या, हे टेपवर घेऊ या?’’

‘‘काय म्हणून?’’

‘‘मला ऐकायला.’’

तिने थोडा विचार केला. ‘‘तुज ऐकायला मी घरांतच आहें. घ्यायचें तर त्या पोस्टमनाला पाठवूं. त्यानें आपल्याकडे एवढें पाठवलें. शेजारणीचें भांडें रिकामें परत देतात काय गे?’’

अप्पांच्या टेपरेकॉर्डरवर आम्ही ते घेतलं. एकीकडे लाल पेटी, तिच्यापुढे आत्या, मध्ये खुर्चीवर टेपरेकॉर्डर. मधल्या कडव्यात कीरैवाली दारावरून ओरडत गेली, ‘‘कीरै, कीरैऽऽ’’. मी पुन्हा घेऊ म्हटलं. आत्या म्हणाली, असू दे, त्यांनी हसणं ठेवलंय, आपण पालेभाजी ठेवू. कॅसेट जुन्या साडीच्या तुकड्यात शिवून तिने स्वतः पार्सल बांधलं, तबकडीच्या वेष्टनावरचा पत्ता मी घातला.

फार दिवस काही आलं नाही. आम्ही विसरलो असं म्हणणार नाही, पण विचारायचं बंद केलं. मग पावसाळ्यात एक जाड पाकीट आलं. आत एक कॅसेट, तिच्या कागदावर शाईने काढलेली नदी आणि पायऱ्या. त्या पोस्टमननं आपल्या मित्रांची गाणी एकत्र करून कॅसेट काढली होती आणि शेवटचं गाणं आत्याचं होतं. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं, कारण मी पत्रात ‘माझी आत्या’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून त्याने तेच छापलं होतं, इंग्रजी लिपीत, आमच्या भाषेत: माझी आत्या, कुंभकोणम.

आम्ही तिघांनी झोपाळ्यावर बसून ती ऐकली. एकामागून एक पोरं आपल्या खोल्यांतून, स्वयंपाकघरांतून गाऊन गेली आणि शेवटी आमचा पंखा ऐकू आला, आमचे कावळे, आणि आत्या. कीरैवाली ओरडली तेव्हा अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

‘‘माझी बहीण परदेशांत गाते,’’ ते म्हणाले.

‘‘थट्टा करूं नको,’’ आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘दुसऱ्या कडव्यांत मी घाई केलीय.’’

त्यानंतर पाकिटं येऊ लागली. ज्यांनी ती कॅसेट ऐकली ते आपापल्या तबकड्या पाठवायचे. स्कॉटलंडमधल्या एका गावाहून, जपानहून, अमेरिकेतल्या कुठल्या शहरातून. सगळ्या अशाच, पलंगाखालच्या कंपन्यांच्या, हाताने रंगवलेल्या. जपानच्या एका तबकडीसोबत वाळवलेलं पान होतं. पावती द्यायला म्हणून आत्या शिवणाच्या उरलेल्या चिंध्यांच्या लहान पिशव्या शिवून पाठवायची. आमच्या पोस्टमनलाही त्याची गंमत वाटू लागली. तो दारातूनच ओरडायचा, ‘‘अम्मा, पाट्टु वन्दिरुच्चु!’’ गाणं आलं!

मग दोन-तीन वर्षांनी, मार्गळी महिन्याच्या, डिसेंबरातल्या थंडीत, एका सकाळी दारात एक मुलगी उभी होती. पाठीवर मोठी पिशवी, चष्मा, नाक उन्हाने सोललेलं. तिने आत्याने शिवलेली एक चिंधीची पिशवी पुढे धरली. तिकडच्या पोस्टमनने ती तिला ओळख म्हणून दिली होती. ती त्या थंड गावात बालवाडीत शिकवत होती आणि हिंदुस्थान बघायला निघाली होती.

‘‘बस चुकलेली मुलगी मी,’’ ती म्हणाली.

मी आत्याला हाक मारली. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली, मी सांगितलं ही कोण. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने त्या मुलीच्या गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर मोडली.

उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी आणि भात खाताना मुलगी मला म्हणाली, ‘‘आत्यांना सांगा, मी ते गाणं आता त्यांच्यासारखंच गाते. हळू.’’

मी सांगितलं. आत्याने विचारलं, ‘‘मग तेव्हां एवढी कां धांवलीस?’’

मुलगी लाजली. ‘‘ध्वनिमुद्रणाचं यंत्र मागून आणलं होतं. त्याचा मालक खाली गाडीचा हॉर्न वाजवत होता.’’

हे मराठीत सांगितल्यावर आत्या हसली ती थांबेचना. तिच्या नव्या आवाजातलं एवढं मोठं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. जड, गोल, रांजणात पाणी ओतावं तसं.

दुपारी मुलीने विचारलं, आत्या दुसरं काय गातात? आत्याला प्रश्न कळला असावा, कारण मी मराठीत सांगायच्या आधीच ती म्हणाली, ‘‘गोविंदपुरम्ला नेऊं हिला.’’

‘‘तू येतेस?’’

‘‘मी आल्याविना तुम्हांस कोणी ओळखेल काय तिथें?’’

टाउन बसने आम्ही तिघी निघालो. दोन्ही बाजूंना पिकत आलेली भातशेतं, त्यावर बगळे, आणि सगळ्यावर मार्गळीचं पातळ, दुधी ऊन. मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. देवळात भजन सुरू झालेलंच होतं. आत्या बायकांच्या ओळीत मागे जाऊन बसली, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती मुलगी. कोणी वळून बघितलं, कोणी सरकून जागा दिली. कितीतरी वर्षांनी ती तिथे बसत होती.

नामावळी सुरू झाली. पुढे भागवतर म्हणायचे, मागून सगळे. मुलीला शब्द येत नव्हते, पण चाल तिने चटकन उचलली आणि ओठ मिटून गुणगुणू लागली, वरच्या सप्तकात, कोवळा, थोडा बेसूर आवाज. आत्याने एकदा तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि गाऊ लागली. वर चढायचा तिने प्रयत्नच केला नाही. सगळ्यांच्या खाली, जमिनीच्या जवळ तिने आपला स्वर लावला, आणि तो तिथे पसरला. वरचे सगळे आवाज त्यावर टेकल्यासारखे झाले. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने मागे वळून बघितलं. ती आत्याच्या लहानपणची ओळखीची होती. तिने नुसती मान हलवली, आणि तिचा आवाजही हळूच खाली उतरला.

मुलगी दोन दिवस राहून मदुरैला गेली. काही वर्षांनी त्या पोस्टमनचं लग्न झालं, पलंगाखालची जागा मुलांच्या खेळण्यांना लागली, आणि पाकिटं येईनाशी झाली. मीही पुण्याला गेले. आत्या मात्र एकादशीला गोविंदपुरम्ला जात राहिली. एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले, तर तिच्या आजूबाजूला वयस्क बायकांची एक ओळच बसलेली दिसली. कोणाचा आवाज म्हातारपणाने उतरलेला, कोणाचा दम्याने, एक तर बाळंतपणानंतर गाणं सोडलेली. भजन सुरू व्हायच्या आधी त्यांच्यातली एक, माझी ओळख नसलेली, माझ्याकडे बघून तमिळमध्ये म्हणाली, ‘‘तू पुढे बस, पोरी. इथे खालच्या पट्टीतल्या बसतात.’’